चिप्पा सरांचा खांदा

संस्थेच्या अध्यक्षांनी कानडीत तीन चहा सांगितले आणि मी पडलो.

चक्क पडलो. अंगावर ज्यूदोचा पोशाख, समोर चिप्पा सर, भोवती खुर्च्यांवर शाळेची सगळी कमिटी, आणि सरांनी मला खांद्यावरून फेकायच्या आधीच मी हवेत कोलांटी मारून गादीवर पाठीवर आदळलो. रिवाजाप्रमाणे हातही आपटला. सरांच्या मुठीत तोवर माझी बाही तेवढी होती. माझ्या हातून आजवर पुष्कळ गाढवपणा झालेला आहे. सुट्टीच्या दिवशी कॉलेजात जाऊन शिपायाची वाट पाहत बसणं, चुकीच्या मांडवात शिरून जेवून, वर आहेर करून येणं, हे सगळं करून झालंय. पण एका माणसाचा हॉल राहणार की जाणार हे ठरत असताना चहाच्या ऑर्डरने कोलमडणं हा त्यातला सगळ्यांत वरचा प्रकार. तो कसा घडला ते कळायला आधी चिप्पा सर कळायला हवेत.

चिप्पा सर एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. राहणार सोलापूरच्या पूर्व भागात, विणकराच्या घरातले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. अंगाने लहानखुरे, केस बारीक कापलेले, डोळ्यांखाली पिशव्या. ताजेतवाने असे ते मला कधी दिसले नाहीत. खेळाच्या शिक्षकाला काही काम नसतं अशी शाळाशाळांतून समजूत असते. त्यामुळे खिचडीचा तांदूळ उतरवून घ्या, मतदार याद्यांसाठी गल्ल्या हिंडा, कोणी रजेवर गेलं की त्याच्या वर्गावर जाऊन बसा, हे सगळं सरांच्या वाट्याला. ते उरकून संध्याकाळी ते स्टेजमागच्या हॉलचं कुलूप काढायचे आणि कुलूप निघताना कुलपाआधी त्यांचाच सुस्कारा सुटायचा. मग पोरं रांगेत उभी राहिली की विचारायचे, "दमलं का?"

पोरं म्हणायची, "व्हय सर."

"मलापण दमलंय. चला."

आमच्या क्लासची प्रार्थना म्हणा, प्रतिज्ञा म्हणा, एवढीच.

सरांच्या मराठीत सगळी सृष्टी नपुंसकलिंगी होती. पट्टा सैल झालंय, गादी फाटलंय, शाळा सुटलंय. मी ग्रंथपाल माणूस, सुरुवातीला कानाला खटकायचं. पुढे आमची मुलगी घरात "पप्पा उठलंय" म्हणू लागली, आणि मला सकाळी उठताना ज्यांनी पाहिलंय त्यांना ते लिंग चुकीचं वाटणार नाही.

मुलगी म्हणजे प्रणाली. तिच्यामुळेच मी तिथे पोहोचलो. मंद्रूपच्या कॉलेजातून संध्याकाळच्या एसटीने यायचं आणि तिला क्लासला न्यायचं हा माझा नेम. ती गादीवर, मी भिंतीकडच्या बाकावर. बाकावर मी झोपायचो. दिवसभर पुस्तकांना कोणी हात लावत नाही हे बघत बसणं फार दमवणारं काम आहे, लोकांना पटत नाही. एका संध्याकाळी मी घोरलो. पोरं हसली. सर बाकापाशी आले आणि म्हणाले, "प्रणालीचे पप्पा, झोपायचंच हाय तर गादीवर झोपा की. तिथं मऊ आहे."

अर्धवट झोपेत मी उठून गेलो. पुढच्या क्षणी मला छताचा पंखा माझ्याच दोन पायांच्या मधून दिसला. मग पाठीखाली गादी आली. मऊ नव्हती.

तेव्हापासून मी त्या क्लासातला एकमेव मिशीवाला विद्यार्थी. पोरं मला पप्पा म्हणायला लागली, आणि वयाने माझ्यापेक्षा मोठे असलेले सरही पप्पाच म्हणायला लागले.

त्या गाद्या सरांनीच केलेल्या. आत कारखान्यातलं टाकाऊ सूत ठासून भरलेलं, वर ताडपत्री. पोशाखांचीही तीच कथा. ज्यूदोचं जाकीट जाडजूड लागतं, ओढाताणीत फाटता कामा नये, आणि विकतचं पोरांच्या आईबापांना झेपत नाही. सर म्हणाले, सोलापुरात बसून जाड कापडाची काळजी कशाला करायची. त्यांनी विणताना डाग पडलेल्या चादरी आणून त्यांची जाकिटं शिवून घेतली. चादरीची नक्षी जिथे येईल तिथे येईल. त्यामुळे कोणाच्या पाठीवर कमळ, कोणाच्या पोटावर अर्धा हत्ती. सरांच्या पाठीवर मोर होता, मानेपाशी कापला गेलेला. माझ्या आकारमानाला दोन चादरी लागल्या आणि त्या दोन रंगांच्या निघाल्या. पुण्याला स्पर्धेला गेलो तेव्हा तिकडची पांढरीशुभ्र पोरं आमच्याकडे बघून तोंडात रुमाल कोंबून हसत होती. आमच्या पोरांची तोंडं उतरली. सर म्हणाले, "हसू दे. त्यांचं ते रात्री पांघरता येतंय का?" परतीच्या गाडीत थंडी होती. सगळा संघ आपापली जाकिटं पांघरून झोपला.

सरांना डाव बरेच येत होते, पण जीव होता एकावर. खांद्यावरून फेकायचा. त्याचं जपानी नाव ते पहिल्या दिवशी एकदा सांगायचे, परीक्षेत लागतंय म्हणून. नंतर नुसतं "खांदा". आणि शिकवताना आज्ञा असायची, "खांदा दे." ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आपल्याकडे खांदा ज्याला देतात त्याला स्वतःच्या पायांनी जाता येत नसतं. मी सरांना तसं सांगितलं. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "बरोबर हाय की. मेलेल्याला एवढं सांभाळून नेतो. जिवंत माणसाचं डोकं सांभाळायला नको?"

हे ते नुसतं बोलायचं म्हणून बोलले नव्हते. फेकताना समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही हा त्यांचा नियम होता. तो खाली जात असताना बाहीला धरून वर ओढून ठेवायचं, म्हणजे पाठ टेकते, डोकं आपटत नाही. पोरं फेकण्याच्या आनंदात बाही सोडायची. सर तेवढ्यासाठी डाव पुन्हा करायला लावायचे. डाव तीन मोजेपर्यंतचा. मोजणं मात्र तेलुगूत, कारण सर ज्या वस्तादाकडे शिकले तो तसं मोजायचा. ओकटीला बाही ओढून समोरच्याचा तोल घालवायचा. रेंडूला वळून त्याच्या काखेत आपला दंड घालायचा, पाठ त्याच्या छातीला लावायची, गुडघे वाकवून त्याच्या पट्ट्याच्या खाली जायचं. मूडूला फेकायचं. आमच्या क्लासात मराठी, कानडी, दखनी बोलणारी सगळी पोरं होती आणि सगळ्यांना तेलुगू येत होतं, तीनपर्यंत.

माझं आणि खांद्याचं कधी जमलं नाही. मी पट्ट्याच्या खाली जायचो तो परत वर यायचो नाही. सर म्हणायचे, "खाली, अजून खाली," आणि मी गादीवर बसलेला असायचो. पण पडणं मला झकास जमलं. पडायला नुसतं वजन लागतं, ते मी घरून घेऊन येत होतो.

याच कौशल्यापायी मी एकदा सरांची बोलणी खाल्ली. प्रणाली स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आली होती आणि दोन दिवस जेवत नव्हती. क्लासात तिची जोडी माझ्याशी लागली. बाप म्हणून मला वाटलं, पोरीला जरा हुरूप येऊ दे. तिने बाही ओढली, वळली, आणि खांद्यावर घेण्याआधीच मी आपण होऊन गेलो तिच्यावरून. असा सुंदर गेलो की पोरांनी टाळ्या वाजवल्या. प्रणाली हसली. सरांनी मात्र हात वर करून सगळा क्लास थांबवला. मला बाजूला घेऊन, आवाज न चढवता, अगदी थकल्या स्वरात म्हणाले, "पप्पा, हे काय दिलं तुम्ही तिला? फुकटचं दिलं. तिच्या अंगात काय गेलं? काही नाही. उद्या समोरचं पोर आपण होऊन पडणार हाय का? हरू दे की. पण तुम्ही पडू नका."

मी मान खाली घातली. घरी येताना गाडीवर मागून प्रणाली म्हणाली, "मला माहीत होतं पप्पा. तुमचे पाय आधी उचलले गेले." म्हणजे दोन्हीकडून गेलो.

या गोष्टीला दोनेक वर्षं झाल्यावर सर डाव्या हाताने फळ्यावर लिहायला लागले. चहाचा कपही डाव्या हाताने. जाकीट घालायला पोरांकडून मागून बाही धरून घ्यायचे. विचारलं तर "काय नाही, उशी चुकलंय." मग कधीतरी त्यांच्या मिसेस भाजी घेताना भेटल्या आणि त्यांच्याकडून कळलं की डॉक्टरांनी उजव्या खांद्याचा फोटो काढून सांगितलंय, आता या खांद्यावर पिशवीसुद्धा घ्यायची नाही. वहिनी म्हणाल्या, "एवढं वर्ष ह्याच्यावरून पोरं गेलं, टेकडी असतं तर झिजलं असतं."

नेमक्या त्याच सुमाराला कमिटीच्या मनात आलं की स्टेजमागचा हॉल कॉम्प्युटरला द्यावा. गाद्या कुठे ठेवायच्या हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणजे उत्तर सगळ्यांना माहीत होतं. सर अध्यक्षांना जाऊन भेटले. अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आम्ही कधी बघितलेलंच नाही हो तुमचं ते काय असतं ते. एकदा दाखवा. मग ठरवू."

त्या संध्याकाळी पोरं गेल्यावर सर हॉलच्या पायरीवर बसले. मीही बसलो. ते बराच वेळ आपल्या चपलांकडे बघत होते.

"हॉल गेलं तर मी नुसतं खिचडीचं मास्तर," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पोरांचे डाव पोरं दाखवतील. पण ते म्हणणार, मास्तर काय करतंय? मला एकतरी फेकायला पाहिजे. मोठं माणूस. पप्पा, तुम्हाला एक काम येतंय ते इथं कुणाला येत नाही."

मला वाटलं, निवेदन वगैरे लिहायचं असेल.

"आपण होऊन पडायचं."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"मी मूडू म्हटलं की तुम्ही उडी मारा. वजन माझ्यावर टाकू नका. दिसायला खांदाच दिसेल." हे त्यांनी अजूनही चपलांकडेच बघत सांगितलं. या माणसाने तोवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं तेही जे त्याला सगळ्यांत नकोसं होतं तेच. मी म्हटलं, "पडतो की सर. त्यात काय." आमची ती तालीम आम्ही दार लावून केली. मूडू ऐकलं की उडी. मी इतका तयार झालो की घरी मूग म्हटलं तरी टाच उचलली जायची.

तो दिवस आला. खुर्च्या मांडल्या. पोरांनी आपापले डाव नीट दाखवले, प्रणालीने तिच्याहून उंच मुलीला खांद्यावरून नेलं आणि बाही सोडली नाही. कमिटी जांभया देत होती. मग सर आणि मी. सरांनी कमरेतून वाकून नमस्कार केला, मी केला. सरांनी माझी बाही धरली आणि माझ्यापुरतं म्हणाले, "ओकटी." बाही ओढली. "रेंडू..." आणि ते वळायला लागले.

अध्यक्ष अक्कलकोटकडचे. शिपाईही तिकडचाच. दारात शिपाई दिसला तसं अध्यक्षांनी त्याला हाक मारून सांगितलं, "मूरु चा तगोंड बा."

तेलुगूत तीनला मूडू म्हणतात आणि कानडीत मूरु. या दोहोंत जितका फरक आहे तितकाच त्या क्षणी माझ्यात आणि शहाण्या माणसात होता. मी उडी मारली.

सर अर्धे वळलेले होते. मी त्यांच्या बाजूने, मोकळ्या हवेतून, एखादं पोतं ट्रकमधून आपण होऊन उतरावं तसा गेलो आणि धाड्‌कन हात आपटून पडलो. मग कमिटी हसली. पोरं हसू दाबत होती. पडल्या पडल्या मला सरांचा चेहरा उलटा दिसला. त्यावर राग नव्हता. कुलूप काढताना असायचा तोच दमलेला चेहरा होता.

"हे काय हो सर," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "हात न लावताच?"

सर म्हणाले, "ते पडणं दाखवलं साहेब. फेकणं आता दाखवतो." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "उठा पप्पा. आता काही करू नका. नुसतं उभं राहा."

मी कुजबुजलो की सर, खांदा. ते म्हणाले, "दमलं का?"

मी म्हटलं, "व्हय."

"मलापण. चला."

या वेळी त्यांनी मोजलं नाही. बाही ओढली गेली एवढं कळलं, मग काखेत त्यांचा दंड आला, मोर माझ्या छातीला टेकला, आणि तो लहानसा माणूस माझ्या पट्ट्याच्या खूप खाली गेला. मी काहीही केलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सांगितलेलं काम नीट केलं. नव्वदच्या पुढचं माझं वजन सगळंच्या सगळं त्यांच्या उजव्या खांद्यावर गेलं, आणि माझ्या कानाशी ताण्यातला धागा तुटावा तसा बारीकसा आवाज झाला. छताचा पंखा पायांच्या मधून गेला. तेव्हाच त्यांनी बाही सोडली असती तर भार गेला असता. सोडली नाही. मी खाली जाईपर्यंत वर ओढून धरली. माझी पाठ टेकली, डोकं टेकलं नाही.

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. शिपाई ट्रे घेऊन दारातच उभा राहिला होता. सरांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून आपल्या पट्ट्यात खोवला, वाकून नमस्कार केला, आणि "बसा पप्पा" म्हणाले. मी आधीच आडवा होतो.

अध्यक्षांनी चहा घेतला. कॉम्प्युटरचं पुढे बघू, म्हणाले. हॉल राहिला.

खांदा राहिला नाही. ऑपरेशन झालं, पण हात छातीच्या वर काही आला नाही. त्यानंतर सर खुर्चीत बसून शिकवायचे. डाव हनुवटीने दाखवायचे. पोरं चुकली की "खाली, अजून खाली" एवढंच. मी एकदा त्यांच्यापाशी जाऊन, सर माझ्यामुळं, असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी मला पूर्ण करू दिलं नाही. "तुम्ही उडी मारलं ते बरं झालं पप्पा," म्हणाले. "नाहीतर त्या हॉलमध्ये रोज बसून मला काय वाटलं असतं? फुकटचं हॉल." मग जरा थांबून, "दुसऱ्यांदा चांगलं पडलं तुम्ही. पहिल्यांदा पाय वाकडं होतं."

निवृत्त झाल्यावर ते आणि वहिनी मुलीकडे वरंगलला कायमचे राहायला निघाले. क्लास आता प्रणाली घेते. तिला कॉलेजमुळे निघता आलं नाही, म्हणून स्टेशनवर पोहोचवायला मी एकटाच गेलो. गाडी लेट होती. थंडीचे दिवस, सरांनी शर्टावर ते चादरीचं जाकीट घातलं होतं. येणारे जाणारे वळून मान कापलेल्या मोराकडे बघत होते. उजवा हात त्यांनी जाकिटाच्या आत पोटाशी ठेवला होता. बाकावर बसून ते प्लॅटफॉर्मच्या टोकाकडे बघत होते. नजर तीच, दमलेली, पण घाई नसलेली.

भोंग्यावरून आमचा प्लॅटफॉर्म बदलल्याचं सांगितलं तेव्हा मी मोठी बॅग उचलायला वाकलो. सर बसल्या जागेवरून म्हणाले, "खाली. अजून खाली." मी गुडघे वाकवले, बॅग खांद्यावर घेतली आणि चक्क उभा राहिलो. सरांनी मान डोलावली. इतक्या वर्षांत मला तेवढी एकच शाबासकी मिळाली, तीही बॅगेमुळे.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर बॅग ठेवली, तिघे पुन्हा बाकावर बसलो. गाडीला अजून वेळ होता. चहावाला आला. मी खिशात हात घालत त्याला म्हटलं, "तीन चहा दे रे."

वहिनींनी त्याला हात करून थांबवलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "दोनच सांगा ओ, प्रणालीचे पप्पा. तीन म्हटलं की तुम्ही पडताय, आणि आता उचलायला ह्यांचं खांदा राहिलं नाही."